‘मे गुस्ता’मधला ‘मी’ कुठे गेला?

प्रश्न : माझी भाची टेक्सासमध्ये वाढली. घरी मराठी बोलते, पण विचार इंग्रजीतूनच करते. शाळेत स्पॅनिश घेतलंय. ‘मला कॉफी आवडते’ याचं तिनं ‘यो गुस्तो काफे’ केलं, ते चूक निघालं. बरोबर वाक्य ‘मे गुस्ता एल काफे’. यातला ‘मी’ कुठे गेला, असं ती विचारते. काय सांगू?

उत्तर : त्याचा ‘मला’ झाला, एवढंच सांगा. इंग्रजीत ज्याला आवडतं तो माणूस कर्ता असतो. स्पॅनिशमध्ये आणि आपल्याकडे क्रियापद आवडलेल्या वस्तूच्या तंत्रानं चालतं. पुस्तक आवडतं, पुस्तकं आवडतात. तसंच एकासाठी ‘गुस्ता’, अनेकांसाठी ‘गुस्तान’. ‘मला तू आवडतोस’ म्हणजे ‘मे गुस्तास’, आणि गंमत बघा, दोन्हीकडे शेवटी ‘स’च! इंग्रजीवरून वाक्य जुळवणारा इथे ‘ते गुस्तो’ म्हणून बसतो. त्याचा अर्थ होतो ‘तुला मी आवडते’. भाचीला हे वेळेत सांगितलेलं बरं. शिवाय माणसाबद्दल हे क्रियापद वापरलं की बहुतेकदा त्याला प्रेमाचा रंग चढतो. नुसता माणूस म्हणून कुणी आवडत असेल, तर ‘मे काए ब्येन’ म्हणतात. यातलं ‘काएर’ म्हणजे चक्क पडणं.

पडण्यावरून आठवलं. हातून ग्लास पडला तर इंग्रजी माणूस ‘मी पाडला’ अशा थाटाची कबुली देतो. स्पॅनिश माणूस म्हणतो ‘से मे कायो एल बासो’. ग्लास आपला आपण पडला, मी फक्त तिथे सापडलो. आपलं ‘माझ्या हातून पडला’ याच्या अगदी जवळचं. काही विसरलं की ‘से मे ओल्बिदो’, म्हणजे ‘लक्षातून गेलं’. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना ही पळवाट वाटते. आपल्याला ती रोजची सवय आहे.

आणखी एक : ‘घर पाहिलं’ याला ‘बी ला कासा’, पण ‘ख्वानला पाहिलं’ याला ‘बी आ ख्वान’. माणूस आला की मध्ये ‘आ’ येतो, जसा आपला ‘ला’ लागतो. इंग्रजीत असलं काही नाही, म्हणून तो ‘आ’ हमखास गळतो.

दुसरं मत : वरचं सगळं मान्य, पण मराठीचा हात सगळीकडे धरू नये. ‘मला पाणी हवंय’ यात ‘मला’ आहे, म्हणून तिथे ‘मे’ घातलात तर फसलात. ‘क्येरो आग्वा’, सरळ ‘मी’ कर्ता. ‘मला माहीत आहे’ याला नुसतं ‘से’. आपल्याला भूक लागते, त्यांच्याकडे ती असते : ‘तेंगो आंब्रे’. आणि डोकं दुखलं की इंग्रजी आणि मराठी दोन्ही ‘माझं डोकं’ म्हणतात. स्पॅनिशमध्ये ‘मे द्वेले ला काबेसा’, म्हणजे ‘मला डोकं दुखतं’.

पुन्हा प्रश्न : ‘असणं’ यासाठी स्पॅनिशमध्ये ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदं आहेत. मग ती म्हणजे आपलं ‘असतो’ आणि ‘आहे’ का?

उत्तर : नाही हो. ‘बर्फ थंड असतं’ आणि ‘चहा थंड आहे’ एवढ्यापुरतं जमल्यासारखं वाटतं, पुढे घसरतं. कायमचं असेल तर ‘सेर’, तात्पुरतं असेल तर ‘एस्तार’ हा शाळेतला नियमही अर्धाच. मेलेला माणूस काही तात्पुरता मेलेला नसतो, तरी म्हणतात ‘एस्ता म्वेर्तो’. माद्रिद स्पेनमध्ये आहे याला ‘एस्ता’ (‘एस्तार’चं रूप), पण मेजवानी माझ्या घरी आहे याला ‘एस’ (‘सेर’चं रूप). वस्तू कुठे आहे हे सांगताना एक, कार्यक्रम कुठे आहे हे सांगताना दुसरं. ‘एस आबुरिदो’ म्हणजे माणूस कंटाळवाणा, ‘एस्ता आबुरिदो’ म्हणजे तो कंटाळलाय. भाचीला या शेवटच्या जोडीपासून सुरू करायला सांगा. मराठीत त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे फरक लगेच कानात बसेल. मेजवानीचं मात्र पाठ करावं लागेल.