‘अंडरबॉडी प्रोटेक्शन’ला मराठीत काय म्हणायचं? (सस्पेंशनच्या कंप्रेसरसंदर्भात)

अनवट:
एअर सस्पेंशनच्या, म्हणजे स्प्रिंगऐवजी कंप्रेसरने हवा भरलेल्या रबरी फुग्यांवर तोललेल्या, फोर बाय फोर गाड्या वापरणाऱ्यांसाठी देखभालीची एक मराठी पुस्तिका लिहिते आहे. एका वाक्यावर अडले आहे. सस्पेंशनचा कंप्रेसर बदलून झाला की त्याच्या खाली दगडाधोंड्यांपासून वाचवणारी धातूची प्लेट लावायची, एवढंच सांगायचं आहे. मसुद्यातलं वाक्य असं: “कंप्रेसर बदलल्यावर अंडरबॉडी प्रोटेक्शन करून घ्यावे.”

ओळखीच्या काही जणांना ते वाचायला दिलं. एकाला वाटलं, बुडाला काळं कोटिंग मारायचं आहे. दुसऱ्याच्या डोक्यात एसीचा कंप्रेसर आला. दोघंही गाड्यांतले जाणकार आहेत, तेव्हा वाक्यच बदलायला हवं. ‘तळकवच’, ‘चिलखत’, ‘अधोरक्षक’ असे पर्याय सुचवले गेले आहेत. वाचकाच्या डोळ्यांसमोर नेमकी तीच वस्तू उभी राहील असा शब्द हवा आहे.

खडकवाट:
ताई, पहिली दुरुस्ती कंप्रेसरची. ‘कंप्रेसर गेला’ म्हटलं की बहुतेकांना एसीच आठवतो. सुरुवातीला ‘सस्पेंशनचा कंप्रेसर’ असं पूर्ण लिहा, मग पुढे नुसतं ‘कंप्रेसर’ चालेल.

आता प्रोटेक्शन. या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू फिरतात. गंज धरू नये म्हणून दिलेला रबराचा, बिट्यूमनचा किंवा मेणाचा थर ही पहिली. कंपनीकडूनच लागून येणारं प्लास्टिकचं झाकण ही दुसरी. ते उडणारा चिखल आणि आवाज अडवतं, दगडासमोर टिकत नाही. तिसरी धातूची प्लेट, जी तुम्हाला हवी आहे. बोलताना आपण या तिघांना क्रियापदावरून बरोबर ओळखतो: कोटिंग मारतात, झाकण लावतात, प्लेट बसवतात. तुमच्या वाक्यात घोटाळा होतो तो ‘करून घ्यावे’मुळे. सर्व्हिसिंग करून घेतात, कोटिंग करून घेतात. वस्तू असेल तर ती बसवून घेतात. नाम तेच ठेवून फक्त क्रियापद बदललंत तरी निम्मा गोंधळ मिटेल.

तळटीप:
क्रियापदाचा मुद्दा पटला. पण ‘बसणे’ या गाड्यांच्या बाबतीत जपून वापरावं लागेल. फुग्यांतली हवा उतरून गाडी खाली आली की आपण म्हणतो ‘गाडी बसली’. कंप्रेसर बंद पडला की ‘कंप्रेसर बसला’. नवा जोडला की ‘कंप्रेसर बसवला’. “नवा कंप्रेसर बसल्यावर प्लेट लावा” असं छापलं, तर नवाही बंद पडल्यावर लावायची, असा अर्थ एखादा काढू शकतो. म्हणून ‘बसवून झाल्यावर’ असंच लिहा, आणि बिघाडासाठी ‘बंद पडला’ किंवा ‘जळाला’. जळाला असेल तर ‘जळाला’च म्हणावं, कारण त्यातून कारणही कळतं. कुठेतरी हवा गळत असते, कंप्रेसर ती भरून काढायला पुन्हा पुन्हा चालत राहतो आणि तापून जातो. किंवा रिले, म्हणजे कंप्रेसर चालू-बंद करणारा विजेचा स्विच, चिकटतो आणि कंप्रेसर थांबतच नाही.

रेफ:
‘चिलखत’ला माझा विरोध आहे. चिलखती वाहन म्हणजे लष्कराचं, गोळी अडवणारं, हा अर्थ वर्तमानपत्रांनी पक्का केला आहे. शिवाय चिलखत अंगभर असतं, इथे तर एका भागाखालची एक प्लेट आहे. इंग्रजीतला ‘आर्मर’ शब्द सरळ उचलला की असा घोळ होतो.

‘तळकवच’ दिसायला चांगला आहे, पण कवच आणि अंग यांच्यातलं नातं इथे लागू पडत नाही. कर्णाचं कवच जन्मजात होतं, ते देताना त्याला अंगावरून कापून काढावं लागलं. ही प्लेट मात्र चार बोल्ट सोडले की हातात आली पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी फिल्टर बदलणार कसा? आणि ‘अधोरक्षक’ कोणीही बोलणार नाही. पुस्तिका हातात घेऊन गाडीखाली झोपलेल्या माणसाला तो शब्द आठवणारही नाही.

खडकवाट:
रेफ, सहमत. त्यात आणखी एक. कवच, ढाल, रक्षक या सगळ्यांत अडवण्याची कल्पना आहे. चांगली प्लेट अडवत नाही, गाडीला दगडावरून पुढे सरकू देते. म्हणूनच इंग्रजीत तिला ‘स्किड प्लेट’ म्हणतात. तिची पुढची कड वर वळवलेली असते आणि बोल्टची डोकी प्लेटच्या खोबणीत दडवलेली असतात. एक डोकं जरी बाहेर राहिलं तरी ते दगडात अडकतं आणि सगळा धक्का त्या एका बोल्टवर येतो. दोन-चार धक्क्यांत डोकं झिजून गोल होतं, मग पाना धरत नाही आणि बोल्ट कापूनच काढावा लागतो. प्लेट विकत घेताना मी जाडीच्या आधी हे बघतो.

अनवट:
मग ‘घसरपट्टी’ कसा वाटतो? अर्थ तर तोच आहे.

तळटीप:
अर्थ तोच, पण शब्द आधीच बागेतल्या लहान मुलांना देऊन झाला आहे. तांत्रिक पुस्तिकेत तो आला की वाचक क्षणभर थांबेल.

माझा कौल ‘गार्ड’ला. मडगार्ड, चेनगार्ड, संपगार्ड ही मालिका मराठीत केव्हाच रुजली आहे. कशापासून वाचवायचं किंवा कशाला वाचवायचं, ते आधी आणि ‘गार्ड’ नंतर, ही घडणही आपल्या समासासारखीच आहे. त्यात ‘कंप्रेसर गार्ड’ समजावून न सांगता बसतो. सावध राहायचं ते ‘संपगार्ड’पासून. इंजिनच्या ऑइल संपखाली, म्हणजे तळाशी तेल साठतं त्या भांड्याखाली, असतो तो संपगार्ड, पण बोलण्यात बुडाच्या कुठल्याही प्लेटला सर्रास तेच नाव देतात. “संपगार्ड आहे ना, मग कंप्रेसर सुरक्षित आहे” असा समज त्यातूनच होतो. संपगार्ड पुढे असतो, कंप्रेसर बऱ्याच गाड्यांत मध्ये, चासीच्या (गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या) बाजूला.

खडकवाट:
अगदी. आणि सगळ्या गाड्यांत तो बुडालाही नसतो, हे पुस्तिकेत यायला हवं. १९९४ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या रेंज रोव्हरमध्ये कंप्रेसर बॉनेटखाली, इंजिनच्या बाजूला होता. त्याला खालून गार्ड लावण्याचा प्रश्नच नाही. २००४ साली आलेल्या डिस्कव्हरी ३ मध्ये मात्र तो खाली, चासीच्या बाहेरच्या अंगाला, प्लास्टिकच्या झाकणात असतो. ते झाकण मुख्यतः आवाज कमी करण्यासाठी आहे. दगड लागला तर फुटतं, मग चिखल थेट कंप्रेसरवर. ‘कंप्रेसर गार्ड’ हा शब्द अशा गाड्यांसाठीच अर्थपूर्ण आहे.

रेफ:
‘कंप्रेसर गार्ड’ला माझाही होकार. पण ‘गार्डने कंप्रेसर झाकून घ्या’ असं लिहू नका. ‘झाकणे’ म्हटलं की माणूस चारी बाजू बंद करतो.

खडकवाट:
हे फार महत्त्वाचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. कंप्रेसर बाहेरून हवा ओढतो. ती ड्रायरमधून, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांमधून, सुकून पुढे फुग्यांत जाते. गाडी खाली घेताना तीच कोरडी हवा उलट दिशेने ड्रायरमधून बाहेर पडते आणि जाताना दाण्यांतली ओल घेऊन जाते. येण्याजाण्याच्या या वाटांपैकी एखादी बंद झाली तर ड्रायर ओलाच राहतो. दाण्यांची पूड होते, ती व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, म्हणजे फुग्यांकडे हवा सोडणाऱ्या झडपांत, जाऊन अडकते, आणि नव्या कंप्रेसरवर केलेला खर्च वाया जातो. शिवाय हा कंप्रेसर सतत चालण्यासाठी बनवलेला नाही. तापला की कंट्रोल युनिट त्याला थांबवतं. भोवतीची हवा कोंडली तर तो लवकर तापेल आणि लवकर थांबेल.

आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: आडोसा. ज्या बाजूने मार येतो ती बाजू अडवायची आणि बाकी मोकळं ठेवायचं. ‘कंप्रेसरला खालून आणि पुढून आडोसा द्या, मागची बाजू मोकळी ठेवा’ एवढं लिहिलं की काम करणाऱ्याला सगळं कळतं.

दुसरं, कंप्रेसर रबरी माउंटिंगवर असतो आणि चालताना हलतो. गार्ड त्याला कुठेही टेकता कामा नये आणि त्याच्या ब्रॅकेटला बांधताही कामा नये. तो चासीला बांधायचा. टेकला तर घरघर थेट आत, केबिनमध्ये ऐकू येते. या जागेला ‘गॅप’ म्हणा किंवा ‘मोकळीक’. ‘फट’ म्हणू नका, फट दिसली की लोक बुजवायला जातात.

अनवट:
‘आडोसा’ घेतलाच! आता धातूबद्दल. ‘पत्रा’ लिहू की ‘प्लेट’?

तळटीप:
पातळ तो पत्रा, जाड ती प्लेट. बाजारात पत्रा गेजमध्ये मागतात आणि प्लेट मिलिमीटरमध्ये. ३ मिलिमीटरपासून पुढे मी ‘प्लेट’ म्हणेन. ‘खाली पत्रा ठोकून घ्या’ असं वाचलं तर कोणी खरंच पत्रा ठोकेल, आणि पहिल्याच दगडाला तो वाकून कंप्रेसरवर दाबला जाईल.

खडकवाट:
वजनाचं गणित पुस्तिकेत द्या. ३ मिलिमीटर जाडीच्या पोलादी प्लेटचं वजन दर चौरस मीटरला साधारण २३.५ किलो भरतं, ६ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमचं साधारण १६.२ किलो. म्हणजे दुप्पट जाड असूनही अ‍ॅल्युमिनियम हलकंच. पण मऊ असल्यामुळे ते टोकदार दगडावर ओरबाडलं जातं, पोलाद सरकून जातं. खडकाळ वाटांवर मी पोलाद घेईन. एकट्या कंप्रेसरच्या गार्डला प्लेट लहानच लागते, त्यामुळे वजनाचा फरक फार जाणवत नाही.

रेफ:
इथेही एक शब्द अडतो. अ‍ॅल्युमिनियमला ‘गंज’ म्हणायचं का? बोलण्यात गंज फक्त लोखंडाचा. पाठ्यपुस्तकांत ‘क्षरण’ असतं, ते सर्व धातूंना चालतं, पण जड आहे. पोलादी बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियम प्लेट यांच्यात खारं पाणी शिरलं की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि पांढरी पूड धरते. मी सरळ ‘बोल्टभोवती पांढरी पूड दिसली तर’ असं लिहीन. ‘गंज लागत नाही’ असं वाचून माणूस अ‍ॅल्युमिनियमकडे बघणंच सोडून देतो.

तळटीप:
आता ‘बदलल्यावर’ या शब्दाकडे येतो. ‘बदलल्यावर गार्ड लावा’ म्हणजे लगेच, असं वाचलं जातं. खरं तर या दोन कामांच्या मध्ये तपासणी यायला हवी. पाइप जिथे जोडले त्या प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचं. गाडी वर-खाली करून पाहायची. रात्रभर उभी ठेवून सकाळी कुठल्या कोपऱ्यात बसली आहे का ते बघायचं. मगच गार्ड. कारण कंप्रेसर गळतीने जळाला असेल आणि ती गळती तशीच राहिली असेल, तर खाली कितीही जाड प्लेट लावली तरी नवाही जळणार.

खडकवाट:
आणि गाडीखाली जाण्याआधीची सूचना ठळक अक्षरांत छापा. इथे ‘गाडी बसू शकते’ हेच शब्द वापरा, ते अंगावर येतात. नुसत्या जॅकवर किंवा सस्पेंशनने उचललेल्या गाडीखाली कोणीही जायचं नाही. चासीखाली पक्के स्टँड हवेत. पाइप सोडण्याआधी यंत्रणेतला दाब उतरवायचा. अनेक गाड्यांत तो १० बारच्याही वर असतो.

अनवट:
सगळं घेऊन परिच्छेद पुन्हा लिहिला:

“सस्पेंशनचा कंप्रेसर गाडीच्या बुडाला असेल तर नवा कंप्रेसर बसवून, गळती तपासून झाल्यावर त्याखाली कंप्रेसर गार्ड बसवा. गार्डची प्लेट चासीला बांधा, कंप्रेसरला टेकू देऊ नका. खालून आणि पुढून आडोसा द्या. हवा येण्याजाण्याची वाट मोकळी ठेवा. सगळे बोल्ट आधी हाताने आट्यांत धरवा, प्लेट जागेवर आणा, मग आवळा. पाणी जाण्यासाठी प्लेटला छिद्रे ठेवा.”

रेफ:
‘करून घ्यावे’चं ‘बसवा’ केलंत ते छान झालं. ‘धरवा’ राहू द्या, आट्यांसाठी तोच शब्द आहे. थेट पान्याने सुरुवात केली की आटे जातात, हेही त्यातून आपोआप येतं.

खडकवाट:
‘छिद्रे’ऐवजी ‘भोकं’ लिहा. छिद्र म्हटलं की बारीक वाटतं, आणि बारीक असेल तर पहिल्याच चिखलात बुजतं. बोट आत जाईल एवढी भोकं हवीत, प्लेटच्या सगळ्यात खालच्या जागी. आणि एक वाक्य वाढवा: चिखलातून आल्यावर पाण्याचा पाइप वरून, कंप्रेसरच्या बाजूने धरा, म्हणजे गार्डमध्ये साचलेला गाळ भोकांतून खाली पडेल. उच्च दाबाचा फवारा मात्र हवेच्या वाटेवर मारू नका.

अनवट:
‘भोकं’ केलं, आणि धुण्याचं वाक्यही घातलं.