मिश्री, एमएमपी-८ आणि जीपमधलं रक्त : एलायझाच्या आकड्यावर किती विसंबायचं?

लाल_टोपण (सांगली)

एका कॉलेजच्या लॅबमध्ये मी एकोणीस वर्षं टेक्निशियन आहे. सध्या आमच्याकडे एका पीजी मुलीच्या थीसिसवरून वाजलंय, म्हणून हा धागा.

मिश्री लावणाऱ्या ४० बायका आणि न लावणाऱ्या ४० जणी, दोन्हीकडच्या रक्तात एमएमपी-८ किती, हे एलायझानं मोजायचंय, म्हणजे प्लेटच्या खळग्यांत ॲन्टिबॉडीनं रेणू पकडायचे आणि चढलेल्या रंगावरून किती ते ठरवायचं. हे एन्झाइम कोलॅजेन तोडतं. हिरडी सुजली की तिथं गोळा झालेल्या न्यूट्रोफिल पेशी ते सोडतात, आणि दाताला हाडाशी बांधणारे कोलॅजेनचे तंतू झिजायला लागतात. इथपर्यंत ठीक.

पहिलं शिबिर जत तालुक्यात झालं. चौदा जणींचं रक्त सकाळी अकराला लाल टोपणाच्या प्लेन नळीत (हिच्यात रक्त गोठतं) काढलं. जेवणं, निरोप, मग जीप. नळ्या माझ्या टेबलावर आल्या अडीच वाजता, रबर लावून बिस्किटाच्या डब्यात. दोन नळ्यांतलं सीरम (गोठलेल्या रक्तातून सुटणारं पाणी) गुलाबी, म्हणजे लाल पेशी फुटलेल्या. तुलनेसाठीच्या बायका मात्र आमच्याच बिल्डिंगमधल्या: रक्त काढलं, अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सीरम वेगळं केलं, फ्रीझरमध्ये टाकलं.

न्यूट्रोफिलच्या पोटात एमएमपी-८ तयार भरून ठेवलेलं असतं. नळीत रक्त गोठताना या पेशी तिथंच असतात आणि तो साठा सीरममध्ये सोडतात. मग आपण मिश्री मोजणार की जीपचा प्रवास? माझं मत, हे चौदा नमुने टाकून द्यावेत आणि पुढचे हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत घेऊन गावातच फिरवावेत. गाईड म्हणतात, "सगळ्यांचं सीरमच आहे ना, मग झालं."

कृष्णाकाठचा_डॉक्टर

ताई, रागावू नका, पण गाईडची बाजू मला पटते. सीरममध्ये आकडा फुगतो, कबूल. पण फुगतो तो दोन्ही गटांत. थीसिसला खरी पातळी नको असते, फरक हवा असतो. एलायझा १९७१ पासून वापरात आहे आणि सीरमवरच्या निबंधांचा ढीग पडलाय. शिवाय सिनॉप्सिसमध्ये सीरम लिहून एथिक्स कमिटीची सही झालेली. आता नळी बदलायची म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा मीटिंग. पोरीची टर्म संपेल. टेक्निशियननं किटच्या कागदाप्रमाणे काम करावं, आणि कागदावर "सीरम चालेल" असं लिहिलेलं असतं.

लाल_टोपण

कागदावर चालेल लिहिलंय म्हणजे किट सीरममधलं एमएमपी-८ पकडू शकतं. ते आधी रक्तात होतं की नळीत उतरलं, हे किटला कसं कळणार? आणि फुगवटा दोन्हीकडे सारखा असता तर मी गप्प बसले असते. इथं एका गटाला साडेतीन तास मिळालेत आणि दुसऱ्याला अर्धा. एका भाकरीचं पीठ सकाळी मळलं, दुसरीचं आत्ता, आणि मग म्हणायचं ज्वारीच वेगळी.

टेक्निशियननं काय करावं हे राहू द्या. प्लेटवर पिवळा रंग गडद आला की तो मला दिसतो, गाईडना एक्सेल दिसतं.

उसाचा_फड (कराड)

दोघंही एका गोष्टीला हात लावत नाहीये. समजा नळी अगदी सोवळ्यातली निघाली, तरी एलायझा सांगणार काय? ॲन्टिबॉडीच्या दोन थरांमध्ये किती रेणू सापडले, एवढंच. ते रेणू काम करतायत की नाही, हे नाही.

आपल्याकडे मुकादम सांगतो, "तीस कोयते आणलेत." पण फडात गेल्यावर दिसतं की पाच जण आजारी, दहा अजून खोपी बांधतायत. एमएमपी-८ पेशीतून बाहेर पडतं ते म्यानात. त्याच्याच साखळीचा एक तुकडा जस्ताच्या अणूवर बसून तोंड बंद ठेवतो, तो निघाल्याशिवाय धार नाही. धार आली तरी टिम्प नावाची प्रथिनं येऊन मूठ धरतात. बरेच किट म्यानातला आणि उघडा, दोन्ही एकाच आकड्यात मोजतात. आणि थीसिसमध्ये लिहिलं जातं "एन्झाइमची क्रिया वाढली." क्रिया तुम्ही पाहिलीच कुठं?

कोलॅजिनेज, म्हणजे कोलॅजेन तोडणारं असलं एन्झाइम, प्राण्यांत प्रथम सापडलं ते १९६२ मध्ये, बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत. (त्याच साली मिरजेत सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, हे आपलं सहज.) ग्रॉस आणि लापिएर यांनी ती शेपटी कोलॅजेनच्या गढूळ थरावर ठेवली, आणि थर विरघळून भोवती स्वच्छ वर्तुळ पडलं. ॲन्टिबॉडी नाही, रंग मोजणारा रीडर नाही, पण एन्झाइम काम करतंय हे डोळ्यांनी दिसलं. माझं म्हणणं, क्रिया मोजायची दुसरी एखादी चाचणी जोडीला लावा. फक्त तेव्हा ईडीटीएची नळी घेऊ नका (तीही रक्त गोठू देत नाही). या एन्झाइमला जस्त आणि कॅल्शियम लागतं आणि ईडीटीए नेमकं तेच ओढून घेतं.

दातवाला_सातारा

हिरडीचा प्रश्न हिरडीला विचारा की राव! दंडातून रक्त कशाला? पाण्यानं खळखळून चूळ भरायला लावायची आणि तीच तपासायची. चुळेतलं एमएमपी-८ खुर्चीशेजारीच दाखवणाऱ्या पट्ट्या निघाल्यात, फिनलंडमधल्या संशोधनातून आलेल्या. त्यांचा उंबरठा २० नॅनोग्रॅम प्रति मिली. जीप नको, सेंट्रिफ्यूज नको.

कृष्णाकाठचा_डॉक्टर

@दातवाला, तुमची पट्टी हो-नाही सांगते, थीसिसला आकडा लागतो. चुळेचा एलायझा केला तरी कुणी किती पाणी घेतलं, किती थुंकलं, त्याआधी मिश्री लावली होती का, हे सगळं त्यात मिसळतं. रक्ताची भानगड सोडवायला दुसरी भानगड.

@फड, कोयत्याचं पटलं. "क्रिया" शब्द खोडून "पातळी" करायला सांगतो. पण दुसऱ्या चाचणीचे पैसे कोण देणार?

सरासरी

प्लेट किती आहेत हे कुणी विचारलंच नाही. एका प्लेटमध्ये ९६ वेल (खळगे), स्टँडर्ड (माहीत असलेल्या पातळीचे नमुने) आणि ब्लँक (कोरे) यांना १६, उरले ८०. प्रत्येक नमुना दोनदा लावला तर ४० जणी बसतात.

लाल_टोपण

@सरासरी, बरोबर जखमेवर बोट. प्लेट एकच आहे. म्हणून ८० जणी एकेकदाच लावायचं ठरलंय. रंग आधी निळा चढतो, स्टॉप सोल्यूशन टाकलं की थांबतो आणि पिवळा होतो. ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्याच क्रमानं, त्याच चालीनं टाकावं लागतं, नाहीतर एक ओळ जास्त निळी होऊन बसते. एकेकदाच लावलं तर पिपेटमधला एक बुडबुडा म्हणजे एक बाई वाया, आणि वाया गेली हे कळणारही नाही.

सरासरी

आणि पैसे मिळून दोन प्लेट आल्याच तर मिश्रीवाल्या एका प्लेटवर आणि बाकीच्या दुसरीवर असं करू नका. पाहिलंय मी.

पूररेषा

तुम्ही तीन तासांवरून भांडताय. एका ठिकाणी २०१९ च्या महापुरात लाइट गेली, फ्रीझरमधली सॅम्पलं पाणी झाली, लाइट आल्यावर परत गोठली आणि डिसेंबरात त्यांच्यावरच एलायझा झाला. पासही झाला तो.

लाल_टोपण

गाईडशी आज बोलले. चौदा नमुने टाकायला तयार नाहीत. पण ३६-३६ जणी घेऊन आठ वेल मला सोडायला तयार झालेत. दोन माणसं, प्रत्येकी प्लेन आणि हेपरिन, दोन्हीतलं एकेक अर्ध्या तासानं फिरवलेलं, एकेक साडेतीन तासांनी. आठ वेल भरले.

कृष्णाकाठचा_डॉक्टर

दोन माणसांवर काय सिद्ध होणार?

लाल_टोपण

सिद्ध काही नाही. पण प्लेनमधला आकडा साडेतीन तासांत चढला आणि हेपरिनमधला जागच्या जागी राहिला, तर त्या चौदा नळ्यांकडे गाईड पुन्हा बघतील. एक हात माझा. दुसरा हवाय. आणि हिरव्या टोपणाच्या (हेपरिनच्या) नळ्या आमच्या स्टोअरमध्ये संपल्यात, सांगली-मिरजेत कुणाकडे चार असतील तर सांगा.

कृष्णाकाठचा_डॉक्टर

नळ्या आहेत माझ्याकडे. सोमवारी साडेनऊला येतो, हातही माझाच घ्या. मत बदललेलं नाही.