झटक्यात सुटणारं बक्कल : एप्रनसाठी स्वतः डिझाइन करावं की तयार घ्यावं? (सोलापूर)

गणवेशवाला
मंडळी, सल्ला हवाय. अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं बारा मशिनींचं शिलाईचं युनिट आहे. मार्च ते जून शाळांच्या गणवेशांमुळे मान वर करायला फुरसत नसते. जुलै लागला की मशिनी निवांत आणि मी कामाच्या शोधात. यंदा एका टॉवेल कारखान्याकडून ३०० एप्रनची ऑर्डर मिळालीय, पण अट घालून.

झालं असं की मागच्या महिन्यात त्यांच्या शेजारच्या शेडमध्ये एका कामगाराच्या एप्रनची मागची नाडी यंत्रमागाच्या फिरत्या पट्ट्यात गेली. नाडी जुनी, कुजलेली होती म्हणून तुटली आणि गडी वाचला. आता मालक म्हणतात, नाडी नको, असं काहीतरी लावा जे झटक्यात सुटलं पाहिजे.

मी आठवडाभर रात्री बसून बक्कल काढलंय. सॅकला असतं तसंच, नर-मादी, दोन बाजूंना दोन जिभा. फक्त दोन बोटांनी दाबावं लागू नये म्हणून मधोमध एक बटण दिलंय. भाच्याने थ्रीडी प्रिंटरवर छापून दिलं. चार वेळा उघडलं, पाचव्यांदा जीभ मुळातून मोडली. तर प्लास्टिक कोणतं घेऊ? मोल्ड कुठे करून मिळेल? एका एप्रनमागे बक्कलला दहा रुपयांच्या वर परवडणार नाही.

सह्यभटक्या
दादा, स्वतः कशाला करताय? २५ मिमीचं साइड रिलीज बक्कल होलसेलमध्ये सहज मिळतं. फक्त स्वस्तातलं रिसायकल प्लास्टिक घेऊ नका. अॅसिटल किंवा नायलॉन मागा. आणि चांगल्यातलंच पाहिजे असेल तर ऑस्ट्रियाच्या ऑस्ट्रिआल्पिन कंपनीचं धातूचं 'कोब्रा' बक्कल बघा. गिर्यारोहणात, सैन्यात वापरतात. त्याची खासियत अशी की पट्ट्यावर भार असताना ते उघडतच नाही, चुकून खटका दाबला गेला तरी. किंमत मात्र तुमच्या अख्ख्या एप्रनपेक्षा जास्त आहे.

जुना_जॉबर
भार असताना उघडत न्हाई म्हनं! आन् ह्यांना तेच तर उघडायला पायजे.

गणवेशवाले, तीस वर्षं मागावर काढलीत म्हणून सांगतो, राग मानू नका. नाडी पट्ट्यात गेली की माणसाचे दोन्ही हात पुढं मशीनवर टेकतात, सोताला मागं ढकलायला. त्या टायमाला पाठीमागं हात घालून खटका कोण दाबणार? एक बोट असू दे न्हाई तर दोन. तो गडी बक्कल उघडून वाचला न्हाई, नाडी कुजकी होती म्हणून वाचला. तुम्ही आता तिथं नवी कोरी नवार लावणार, वर दणकट बक्कल. म्हंजे वाचायची होती ती वाट पण बंद.

गणवेशवाला
काका, हे डोक्यातच आलं नव्हतं. खरं सांगतो, वाचून अंगावर काटा आला.

नवार_घाऊक
२५ मिमी नवार पाहिजे असल्यास व्यनि (खासगी निरोप) करा. पॉलिप्रॉपिलीन, कॉटन दोन्ही.

मोल्डमामा
(भोसरीत टूलरूम आहे, मोल्ड बनवतो, मूळ गाव बार्शी.) जॉबरकाकांनी मुद्द्यावर बोट ठेवलंय. 'क्विक रिलीज' या एकाच नावाखाली बाजारात दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक माणूस स्वतःच्या हाताने सोडतो. दुसरी माणसाला न विचारता, ठरावीक ओढ बसली की आपली आपण सुटते. गळ्यात ओळखपत्र अडकवायच्या पट्टीला मानेमागे जो छोटा जोड असतो, तो या दुसऱ्या प्रकारातला. तुम्हाला दुसरी वस्तू हवी आहे आणि तुम्ही चित्र पहिलीचं काढलंय.

तरी तुमची जीभ का मोडली ते सांगतो, पुढे उपयोगी पडेल. जीभ म्हणजे एका टोकाला धरलेली पट्टी. ती वाकवली की सगळा ताण मुळाशी येतो. साधा हिशेब आहे : दीड गुणिले जाडी गुणिले जेवढं वाकवायचं ते अंतर, भागिले लांबीचा वर्ग. तुमची जीभ १० मिमी लांब, २ मिमी जाड आणि २ मिमी वाकते असं धरलं, तर मुळाशी प्लास्टिक ६ टक्के ताणलं जातं. हे रोज रोज कुठलंच कडक प्लास्टिक सोसणार नाही. लांबी २० मिमी केली तर तेच दीड टक्क्यावर येतं. लांबी दुप्पट, ताण एक चतुर्थांश. म्हणून चांगल्या बक्कलांच्या जिभा लांब आणि टोकाकडे निमुळत्या असतात. मुळाचा कोपरा काटकोनात ठेवू नका, तिथे मिलिमीटरभर तरी गोलाई द्या. आणि भाच्याला सांगा, जीभ आडवी झोपवून छाप. उभी छापली की थर एकावर एक बसतात आणि मोडते ती दोन थरांच्या मधूनच. पीएलए (थ्रीडी प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक) असेल तर तो फक्त आकार बघण्यापुरता. साठ अंशांच्या आसपास तो मऊ पडतो. सोलापुरात मे महिन्यात दुपारी गाडीच्या डिकीत ठेवून बघा, बक्कलाची जिलेबी होईल.

आता खरी गंमत. जिभेच्या टोकाला जी आकडी असते, तिची मागची भिंत सरळ ९० अंशात असेल तर नुसतं ओढून ती कधीच निघणार नाही, मोडेल. तीच भिंत तिरकी केली की ओढ वाढताच आकडी घसरते, जिभा आत दबतात आणि बक्कल सुटतं. सुटायला किती जोर लागेल ते या कोनावर ठरतं. तीसवरून पंचेचाळीस अंशांवर गेलात की जोर सुमारे पावणेदोन पट लागतो. सत्तरीकडे गेलात की घर्षणच इतकं की ते जवळपास कुलूप होतं. म्हणजे एकाच बक्कलाचे दोन्ही प्रकार होतात, फरक एका भिंतीच्या उताराचा.

पण माझं ऐकाल तर ३०० नगांसाठी मोल्ड करू नका. मोल्डचा खर्च एवढ्या नगांवर वाटला तर दहा रुपये विसरा. माझंच गिऱ्हाईक घालवतोय, पण खरं ते खरं.

सह्यभटक्या
माझा सल्ला मागे घेतो. सॅकच्या पलीकडे विचारच केला नव्हता. मॅग्नेटची बक्कलं पण येतात आता. जर्मनीची फिडलॉक म्हणून कंपनी आहे, बाजूला सरकवलं की सुटतं. ते चालेल?

जुना_जॉबर
मागाच्या शेडमध्ये लोहचुंबक? संध्याकाळपर्यंत त्याला सगळ्या कारखान्याचा लोखंडी चुरा चिकटंल.

वॉर्डातली
मी नर्स आहे, सोलापुरातच. मॅग्नेटबद्दल आणखी एक. ज्यांना पेसमेकर बसवलाय त्यांच्या छातीजवळ मॅग्नेट नको. कामगारांमध्ये असा कोणी असेलच असं नाही, पण एप्रन छातीवरच असतो ना.

दुसरं, एप्रन धुणार कसे? आमच्या लाँड्रीत हायपोक्लोराइटचं ब्लीच वापरतात. क्लोरीन अॅसिटलला खातं, नायलॉनलाही मानवत नाही. आमच्याकडच्या पट्ट्यांची बक्कलं वर्षभरात खडूसारखी झाली होती, नंतर कारण कळलं. टॉवेल कारखान्यात तर ब्लीचिंग शेजारच्याच खात्यात असू शकतं.

आणि मोल्डमामा, "हाताने सोडायचं" यातही सोडणारा कोण हे आधी ठरवावं लागतं हो. लहान मुलांच्या कारसीटचं बक्कल युरोपच्या जुन्या आर ४४ नियमात ४० ते ८० न्यूटन जोराने उघडलं पाहिजे असं होतं. म्हणजे बटणावर साधारण चार ते आठ किलोचा दाब. मोठ्याला जमेल, पोराला जमू नये. आता तेच बक्कल संधिवात झालेल्या आजींच्या कमरेला लावलं तर? आमच्याकडे अर्धांगवायूचे पेशंट एका हाताने बक्कल उघडताना रडकुंडीला येतात. नातेवाईक म्हणतात, "सोपं तर आहे." स्वतःचा एक हात पाठीमागे धरून करून बघा म्हणावं.

गणवेशवाला
ताई, धुण्याचं विचारून घेतो. मग बक्कल सोडून वेल्क्रो लावू का? ओढलं की सुटतंच.

जुना_जॉबर
टॉवेलच्या कारखान्यात वेल्क्रो! पंधरा दिवसांत त्याच्या आकड्यांत एवढी सुताची तुसं बसतील की एप्रन आपोआप गळून पडंल. मग गडी काय करतो म्हायतंय? त्यालाच गाठ मारतो. गाठ म्हंजे परत नाडी.

मोल्डमामा
काकांच्या सगळ्या वाक्यांवर सही करतो. टिच बटण बघा. दहा रुपयांत चार येतील.

गणवेशवाला
दोन दिवसांनी येतोय. टिच बटणाचा प्रयोग केला. सामान तोलायचा हुकाचा काटा घेतला, एप्रनची पट्टी खुंटीला बांधली आणि दुसरं टोक काट्याने ओढलं. पट्ट्या नेहमीसारख्या एकावर एक ठेवून टिच लावलं होतं. काट्याने पंधरा किलो ओलांडले तरी बटण सुटेना. उलट कापडच बटणाच्या कडेने फाटायला लागलं. मी वैतागलो. कारण हाताने धरलं तर तेच बटण टिचकन निघतं!

मोल्डमामा
वैतागू नका, तुम्ही अगदी मोक्याच्या जागी पोचलात. टिच असो वा वेल्क्रो, त्यांना सरकवून सोडायला फार जोर लागतो, सोलून काढायला अगदी थोडा. हाताने उघडताना तुम्ही कडेपासून सोलता. खुंटीवर तुम्ही ती सरकवत होता. नुसता जोड बदला. पट्टीची दोन्ही टोकं एकावर एक चढवू नका. दोन्ही टोकं बाहेरच्या बाजूला दुमडा आणि नमस्काराच्या हातांसारखी समोरासमोर टेकवून मग टिच लावा. आता पट्टी दोन्हीकडून ओढली की जोड मुळापासून सोलला जाईल.

वॉर्डातली
नमस्काराचे हात! हे लगेच कळलं.

गणवेशवाला
मामा, सुटलं!! साडेतीन ते चार किलोला टिचकन. दहा वेळा करून बघितलं, थोडं इकडेतिकडे, पण कापडाला धक्का नाही. आमच्या काजं-बटणवाल्या मावशी म्हणाल्या, "एवढ्यासाठी आठवडाभर कॉम्प्युटरवर बसला होता?"

आता एकच अडचण. पुढच्या खिशात कामगार कात्री, कांड्या, पाण्याची बाटली, काय काय कोंबतात. वजनाने गळ्याची पट्टी आपोआप सुटली तर दिवसातून दहा वेळा लावत बसणार, आणि मग काका म्हणतात तशी गाठ.

जुना_जॉबर
खिसा ल्हान करा. पाण्याच्या बाटलीला खिसा लागत न्हाई. आन् कात्री खिशात ठिवायचीच न्हाई, वाकला की पोटात.

गळ्याला मानेमागं एकच टिच. कमरेला पाठीमागं लोंबणारी टोकं अजिबात नकोत, कमरेचा जोड कुशीला घ्या, डाव्या बाजूला, शिलाईत दाबून. लोंबतं तेच गुतवतं.

आन् मालकाला एक सांगा. टिच लावलं म्हणून पट्ट्यावरची जाळी काढायची न्हाई. आमच्या वेळचे फॅक्टरी इन्स्पेक्टर हेच इचारायचे, जाळी कुठाय.

वॉर्डातली
काकांचं बरोबर आहे. कारखाने अधिनियम १९४८ मध्ये (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) कलम २१ फिरत्या भागांना कुंपण घालण्याचं होतं, आणि कलम २२ मध्ये चालू मशीनची तपासणी, तेलपाणी करणाऱ्या प्रशिक्षित कामगाराने अंगाबरोबर घट्ट बसणारे कपडे घालावेत, तेही मालकाने द्यावेत असं होतं. (माझे वडील युनियनमध्ये होते, घरात हीच चर्चा चालायची.) म्हणजे नियमाचा रोख कपडा सुटण्यापेक्षा तो गुंतूच नये याकडे होता. एप्रन जरा अंगालगत बेता, घोळ कमी ठेवा.

गणवेशवाला
घोळ दोन इंच कमी करतो. खिसा एकच, छातीवर, पेनापुरता. कापडही वाचेल.

नवार_घाऊक
म्हणजे नवार नको का?

गणवेशवाला
कॉटनची अर्धा इंची असेल तर भाव पाठवा. गळ्यापुरती लागेल.

बक्कलाचं चित्र टाकून देत नाहीये पण. ताईंनी एका हाताच्या पेशंटचं लिहिलं तेव्हापासून तेच डोक्यात आहे. जीभ २० मिमी, मुळाला गोलाई, मधलं बटण मोठं, तळव्याने दाबता येईल असं. ताई, पुढच्या महिन्यात नमुना झाला की तुमच्या वॉर्डात दाखवायला आणला तर चालेल? भाच्याला आडवं छापायला सांगितलंय.

वॉर्डातली
आणा. पण दुपारी तीननंतर, आणि दोन नग आणा. पहिला पेशंट मोडणार हे धरून चाला.

जुना_जॉबर
एप्रनचा एक नग माझ्याकडं बी पाठवा. पट्टा चालू करून बघत न्हाई, घाबरू नका. खुंटीलाच अडकवून बघतो.