ब्लूबेरी, क्रॅनबेरी आणि ‘बेरी’ला मराठी शब्द

वाईहून विचारणा : फळझुडपांवरील एका टिपणाचे मी मराठी भाषांतर करीत आहे. ब्लूबेरी, क्रॅनबेरी, बिलबेरी ज्या ‘हीथ’ कुलात येतात त्यास ‘सडा-कुल’ (सडा म्हणजे उघडे, खडकाळ पठार) म्हणावे काय? तसेच ब्लूबेरीस ‘नीलबदरी’ आणि क्रॅनबेरीस ‘करवंद’ हे प्रतिशब्द योग्य ठरतील काय?

साताऱ्याहून उत्तर : तिन्ही शब्द टाळावेत, असे माझे मत आहे. हीथ म्हणजे आम्लधर्मी, निकस, जवळपास वृक्षहीन जमीन हे खरे आणि त्यावरून कासचा सडा आठवणेही साहजिक आहे. परंतु कुलाचे शास्त्रीय नाव ‘एरिका’ या वनस्पतीवरून पडलेले असल्यामुळे ‘एरिकेसी कुल’ असेच लिहावे. (हिमालयातील बुरांश याच कुलातला आहे, त्याचा उल्लेख केल्यास वाचकाला ओळख लवकर पटेल.) ‘बदरी’ म्हणजे बोर. बोर आणि बेरी हे शब्द कानाला जवळचे वाटले तरी पहिला संस्कृत ‘बदर’पासून आला आहे व दुसरा जर्मानिक भाषांतून, शिवाय बोरात एकच टणक आठळी असते, तर ब्लूबेरीत अनेक बारीक बिया.

करवंदाबाबत मात्र अधिक सावध राहावे. ते कण्हेरीच्या कुलातले असून फळ तोडताच देठातून पांढरा चीक येतो. क्रॅनबेरी हे उत्तर अमेरिकेतील दलदलीत जमिनीलगत पसरणारे सदाहरित झुडूप आहे. तिच्या फळात हवेच्या पोकळ्या असल्यामुळे काढणीच्या वेळी शेतात पाणी सोडतात, फळे सुटून वर तरंगतात आणि मग ती एकत्र ओढून घेतली जातात. डोंगरउतारावरच्या काटेरी जाळीशी याचा काय संबंध?

तासगावहून पृच्छा : मग नुसत्या ‘बेरी’स काय म्हणावे?

साताऱ्याहून उत्तर : वनस्पतिशास्त्रात ‘मृदुफळ’ हा शब्द रूढ आहे, म्हणजे फुलाच्या अंडाशयापासून बनलेले, टणक आठळी नसलेले गरदार फळ. त्या अर्थाने आपल्याकडील द्राक्ष मृदुफळ ठरते, करवंदही ठरते. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मात्र ठरत नाही, कारण तिचा गर अंडाशयापासून नव्हे, तर पुष्पासनापासून (फुलाचे भाग ज्यावर बसतात त्या देठाच्या टोकापासून) बनतो. म्हणून शास्त्रीय लेखनात ‘मृदुफळ’ लिहावे आणि ब्लूबेरी, क्रॅनबेरी ही विशेषनामे तशीच ठेवावीत. मलबेरीला ‘तुती’ हा शब्द असताना तिथे उसनवारीची गरज नाही.

महाबळेश्वरहून पुरवणी : बाजारातील नावांवर विसंबू नये, हेही टिपणात नमूद करावे. केकवरची लालभडक ‘चेरी’ पुष्कळदा पाकात मुरवून रंगवलेले करवंदच असते.