२४व्या महिन्यात मुलांची उंची घटते?

मोजपट्टी: आमचा जन्मापासून पाच वर्षांपर्यंतचा कोहॉर्ट आहे, म्हणजे त्याच मुलांना पुन्हापुन्हा मोजणारा अभ्यास, भेट दर महिन्याला. २३ महिन्यांपर्यंत आलेख छान चढतो, २४ला बहुतेक मुलं सपाट. काहींची उंची चक्क २-३ मिलिमीटरने कमी! अशा नोंदी काढून टाकायच्या का? आणि शेवटी ४०० मुलं हवीत, २० टक्के गळती धरून ४८० घेतली आहेत. पुरतील ना?

आकडेमोड: २४पासून मूल उभं करून मोजत असणार. झोपवून घेतलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा सरासरी ०.७ सेंमी जास्त भरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यातही मुलग्यांचा मध्यक २३ महिन्यांना ८६.९ आणि २४ला उभ्याने ८७.१ आहे, झोपवून तोच ८७.८. मूळ नोंदीला हात लावू नका. ‘झोपवून/उभं’ असा वेगळा रकाना घाला. दोन वर्षांखालचं मूल उभ्याने मोजलं असेल तर ०.७ मिळवा, वरचं झोपवून मोजलं तर वजा करा, मगच झेड-स्कोअर (त्या वयाच्या मध्यकापासून मूल किती प्रमाण विचलनं दूर आहे तो आकडा) काढा. पुढच्या मुलांची २४व्या महिन्यात दोन्ही मापं घ्या, सांधा जुळतो.

शून्यपाच: सगळं खापर ०.७वर फोडू नका. दशांशानंतरचा अंक तपासा. ० आणि ५चीच गर्दी असेल तर मोजणारा अंदाजाने लिहितोय. शिवाय झोपवताना गुडघे वर राहिले की लांबी कमी येते, उभ्याने अंबाडा किंवा क्लिप राहिली की उंची जास्त. दोघांनी स्वतंत्र मोजावं. फरक ७ मिमीपेक्षा जास्त आला तर दोघांनीही पुन्हा. वजनाला ही मर्यादा १०० ग्रॅम, डोक्याच्या घेराला ५ मिमी. आणि मागच्या भेटीचा आकडा फॉर्मवर छापूच नका, नाहीतर माप आपोआप ‘जुळतं’.

पाठपुरावा: ४८०चे ८० टक्के ३८४ होतात. ४०० भागिले ०.८, म्हणजे ५०० हवीत. ही चूक फार जण करतात. त्याहून महत्त्वाचं, कोण गळालं ते बघा: जन्मवजन, आईचं शिक्षण, राहिलेल्यांशी ताडून. ‘भेट चुकली’ आणि ‘अभ्यास सोडला’ यांना वेगळे कोड द्या. न्यूझीलंडच्या डनेडिन अभ्यासात १९७२-७३मध्ये जन्मलेली १,०३७ मुलं होती. ४५व्या वर्षी हयात असलेल्यांपैकी ९४ टक्के हजर होती. परदेशात गेलेल्यांनाही अभ्यासाच्या खर्चाने बोलावतात.

मोजपट्टी: चुकलेल्या भेटीत मागचंच माप भरलं तर?

आकडेमोड: मग मूल वाढायचंच थांबतं! जागा रिकामी ठेवा. मिश्र-परिणाम प्रतिमानाला (प्रत्येक मुलाची स्वतःची वाढरेषा धरणारी सांख्यिकी पद्धत) असमान अंतराच्या भेटी चालतात, फक्त वय महिन्यांत न धरता भेटीच्या तारखेवरून दिवसांत काढा.