बंद पडलेल्या सॉफ्टवेअरचं लायसन दुकानासोबत घेता येते का?

दिग्रसचा डीटीपीवाला
मंडळी, प्रश्न आहे आन् त्यावर माझं मतही आहे, दोन्ही सांगतो. आमच्या इथं बसस्टँडमागं एका काकांचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, तेरवीची कार्डं, जिनिंगची बिलबुकं, सगळं तिथूनच निघते. काकांची नजर आता साथ देत नाही म्हणून दुकान मले देऊन राह्यले. लेझर प्रिंटर, स्क्रीनच्या फ्रेमा, कटिंग मशीन, सगळ्याचा भाव जमला. अडलं ते पेजमेकर सेव्हन, म्हणजे पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर, आन् मराठी फाँटच्या पॅकेजवर. दोन्ही काकांनी २००३ मध्ये नागपूरहून सीताबर्डीतून पक्क्या बिलानं आणले होते, बिल अजून फायलीत आहे. फाँटच्या पॅकेजचं डोंगल, म्हणजे लायसनची चावीच, प्रिंटरच्या जुन्या लांबट पोर्टात लागते, काकू दर दसऱ्याले त्याले हळदकुंकू लावतात तं त्याच्या खाचा पिवळ्या पडल्या आहेत. ते काढलं की मराठी टाइप बंद.

फाँटवाल्या कंपनीले फोन केला तं म्हणे हे व्हर्जन बंद झालं, लायसन तुमच्या नावावर होणार नाही, नवीन घ्या. माझं म्हणणं असं, की काकांनी पैसे मोजले, कंपनी ते आता विकतच नाही, म्हणजे तिचं एक गिऱ्हाईकही तुटत नाही, मग ते दुकानासोबत मले काहून मिळू नये? वावर विकलं तं त्यातली विहीर मागं राहते का?

यवतमाळ ऑफसेट
भाऊ, इथंच तुझी गफलत होऊन राह्यली. काकांनी वावर विकत घेतलंच नव्हतं, मक्त्यानं घेतलं होतं. मक्त्यानं करणारा माणूस मालकाले न इचारता वावर दुसऱ्याले देऊ शकते का? लायसन म्हणजे वापरायची परवानगी, मालकी कंपनीचीच.

आन् हे मी ठेच लागून सांगतो. पाच वर्षांमागं मी असंच एक जुनं पॅकेज सेकंडहँड घेतलं, बारा हजार मोजले, डबा होता, सीडी होती, सिरीयल नंबर होता, माणूस ओळखीतला. सहा महिन्यानं समजलं का तोच नंबर त्यानं अजून दोघांले विकला. कंपनीकडं माझ्या नावाची नोंद नाही, त्या माणसाकडून पावती नाही, सांगणार कोणाले? तवापासून मी ठरवलं, नावावर होत नसंल तं घ्यायचंच नाही. बंद माल म्हणजे बेवारस माल नोय.

दारव्ह्याचा वकील
दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, कलम १४ मध्ये सॉफ्टवेअरची प्रत विकायचा हक्क मालकाला दिला आहे. आधी तिथं 'ती प्रत पूर्वी विकली गेली असो वा नसो' अशा अर्थाचे शब्द होते, म्हणजे दुसऱ्यांदा विकतानाही मालकाचाच हक्क. १९९९ च्या दुरुस्तीत ते शब्द काढले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये टीसीएसच्या विक्रीकराच्या खटल्यात डब्यातलं तयार सॉफ्टवेअर हा 'माल'च आहे असंही म्हटलं. त्यामुळं मक्त्याचं उदाहरण पूर्ण लागू होत नाही.

बाहेर पाहाल तर युरोपच्या न्यायालयाने २०१२ मध्ये ओरॅकलच्या प्रकरणात कायमचं लायसन पुढं विकता येतं असा निकाल दिला, विकणाऱ्यानं आपली प्रत निकामी केली पाहिजे एवढी अट. अमेरिकेत २०१० मध्ये ऑटोकॅडच्या जुन्या डब्यांवरून बरोबर उलटा निकाल लागला. इथं मात्र करारात काय लिहिलं ते आधी वाचा. आणि कलम ६३बी लक्षात ठेवा, चोरीची प्रत आहे हे माहीत असून वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यासाठी वापरणाऱ्यानं तर जास्तच जपावं.

दिग्रसचा डीटीपीवाला
वकीलसाहेब, आभारी आहो. रात्री काकांकडं जाऊन पेजमेकरचा डबा काढला, आतल्या कराराच्या कागदाले कसर लागली पण वाचता येते. त्यात सरळ लिहिलं आहे का सगळे हक्क दुसऱ्याले देता येतात, अट एवढीच का सोबत सगळ्या प्रती द्यायच्या, स्वतःकडं एकही ठेवायची नाही आन् घेणाऱ्यानं करार मान्य करायचा. म्हणजे पेजमेकरचा प्रश्न मिटला. फाँटच्या पॅकेजमध्ये मात्र करार सापडलाच नाही, नुसती सीडी, डोंगल आन् की-बोर्डचा तक्ता. यवतमाळवाले दादा, तुमचे बारा हजार गेले ते वाईटच झालं, पण तुमचा माणूस लबाड होता. माझे काका डोंगल हातात देऊन राह्यले, एकच आहे, दोन ठिकाणी लागूच शकत नाही.

वर्ध्याची अक्षरजुळणी
दादा, मी वेगळ्याच कारणानं विरोधात आहे. लायसन मिळो न मिळो, त्याच्यामागं लागूच नका. पेजमेकर १९८५ चं, आल्डसचं, मग १९९४ ला अडोबीकडं आलं आणि २००१ च्या सातव्या आवृत्तीनंतर पुढं काही आलंच नाही. त्याला युनिकोड, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर मराठी लिहायची सर्वमान्य पद्धत, समजत नाही. तुमचं डोंगल लागणारं मशीन जुन्या विंडोज एक्सपीचं असणार, त्याचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. उद्या मदरबोर्ड गेला तर त्या पोर्टाचा बोर्ड कुठून आणाल? डोंगलच जळलं तर? मग हातात कायदेशीर लायसन आहे आणि काम बंद आहे.

लिब्रेऑफिसचं ड्रॉ फुकट आहे, ते पेजमेकरच्या फायली उघडतं. मी माझ्या शंभरेक फायली तशाच काढल्या.

दिग्रसचा डीटीपीवाला
ताई, तेही करून पाह्यलं. चौकटी येतात, रेघा येतात, पण मजकूर म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरं आन् चिन्हं, कारण तो त्या फाँटच्या कोडात आहे. युनिकोड करून देणाऱ्या कन्व्हर्टरमधून टाकला तं पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर आन् रफार गायब. एका पत्रिकेत 'कार्तिक' चं 'काितक' झालं. पत्रिका पुन्हा टाइप होते, पण काकांकडं तालुक्यातल्या तीन सोसायट्यांचे वीस वर्षांचे अहवाल आहेत, मूळ कागद काहींचे पुरात गेले. ते तपासून बदलायले मले वर्षभर तरी ते जुनं पॅकेज चालूच पाहिजे. जायचं तुमच्याच वाटेनं आहे, पण त्या वाटेवर पोचेपर्यंत डोंगल लागते.

यवतमाळ ऑफसेट
हे आधी सांगायले पाहिजे होतं. पैसे कमवायले जुनं घेणं वेगळं आन् जुन्या फायली सोडवायले घेणं वेगळं. तरी माझं मत तेच, कंपनीच्या लेखी होकाराशिवाय मी नसतं घेतलं. फोनवर बोलू नको, रजिस्टर पोस्टानं पत्र पाठव, बिलाची झेरॉक्स लाव.

दारव्ह्याचा वकील
पत्र पाठवाच, आणि काकांसोबत पाचशेच्या स्टॅम्पवर करारनामा करा. बिल नंबर, सिरीयल नंबर, डोंगलचा नंबर, आणि काकांनी आपल्या मशीनमधून सगळं काढलं असं वाक्य. कंपनीनं उद्या हरकत घेतली तर निदान तुम्ही लपवलं नाही हे दिसेल.

दिग्रसचा डीटीपीवाला
सोमवारी करतो. काकांचं एकच म्हणणं पडलं, स्टॅम्पवर डोंगलच्या नंबराशेजारी काकूंचंही नाव साक्षीदार म्हणून टाका, कारण त्यावर्षी सोयाबीनच्या पैशातून ते त्यांनीच घेऊन दिलं होतं.

वर्ध्याची अक्षरजुळणी
त्या लांबट पोर्टाचा एक चालू बोर्ड माझ्याकडं माळ्यावर पडला आहे. सगळं एकाच बोर्डावर अवलंबून असताना दुसरा बोर्ड जवळ असलेला बरा. वर्ध्याला आलात तर घेऊन जा, आणि वेलांटीचा तो घोळ मला एका फायलीत पाठवा, माझ्या कन्व्हर्टरवर लावून पाहते.