शब्दचर्चा : 'कन्फेशन'ला मराठीत काय म्हणावं?

जिज्ञासू : आम्ही कॅथलिक. भाच्याचं यंदा पहिलं कम्युनियन (मिस्सेत ख्रिस्तप्रसाद घेणं) आणि त्याआधी पहिलं कन्फेशन (फादरांना आपली पापं सांगून क्षमा मागणं). वय आठ. धर्मशिक्षणाच्या वहीत मराठी शब्द लिहायचाय. 'कबुलीजबाब' चालेल का?

वसईकर : कबुलीजबाब पोलीस ठाण्यात देतात! पोरगं आधीच घाबरलेलं असतं. आमच्याकडे 'पापनिवेदन' म्हणतात, आणि संस्काराचं नाव 'प्रायश्चित्त संस्कार'. बोलताना मात्र सगळे 'कन्फेशनला गेला' असंच म्हणतात.

नगरची : आम्ही प्रॉटेस्टंट, आमच्यात लहान मुलांनी पाळकांपुढे जाऊन पापं सांगायची रीत नाही. पण मराठी बायबलात १ योहान १:९ मध्ये 'पापे पदरी घेणे' असं आलंय. 'कबूल करणे'पेक्षा मला हे आवडतं. पदरी घेतलेलं दुसऱ्यावर ढकलता येत नाही. 'दादाने मारलं म्हणून मी मारलं' इथेच संपतं.

मडगाववाली : गोव्यात कन्फेशन म्हणजे 'कुमसार' आणि कम्युनियन म्हणजे 'कुमगार'. दोन्ही पोर्तुगीजांकडून आले. आम्ही पोरं दोतोर्नीच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, वर्गात या दोन शब्दांची हटकून अदलाबदल करायचो.

जिज्ञासू : मग वहीत 'प्रायश्चित्त' लिहू?

वसईकर : संस्काराचं नाव म्हणून लिहा, पण त्याला नीट समजावा. एरवी मराठीत प्रायश्चित्त म्हणजे आधी काहीतरी भोगायचं आणि मग शुद्ध व्हायचं. इथे क्रम उलटा. मूल पाप सांगतं, फादर एखादी प्रार्थना किंवा छोटंसं सत्कृत्य नेमून देतात, मूल पश्चात्तापाची प्रार्थना म्हणतं आणि फादर लगेच पापक्षमा देतात. नेमून दिलेली प्रार्थना बहुधा त्यानंतर, बाकावर बसून म्हणायची. म्हणजे क्षमा त्या 'नमो मरिये'च्या प्रार्थनेच्या बदल्यात मिळत नाही. हे नाही सांगितलं तर पोरं त्याला शिक्षा समजतात, आणि 'मला तीन मिळाल्या, तुला किती?' सुरू होतं.

मी काही वर्षं धर्मशिक्षणाचे वर्ग घेतो. माझ्या मते खरी अडचण 'पाप' या शब्दाची आहे. दूध सांडलं, गणित चुकलं, झोपेत अंथरूण ओलं झालं, मुलं हे सगळं पापात धरतात. पाप व्हायला ते वाईट आहे हे ठाऊक हवं आणि तरीही मुद्दाम केलेलं हवं. म्हणून आधी 'चूक' आणि 'पाप' वेगळं करून दाखवा. यादी पाठ करून देऊ नका. पाठ केलेलं विसरलं की पोरं न केलेली पापंही सांगून मोकळी होतात.

नगरची : आठव्या वर्षी एवढं कळतं?

वसईकर : पोप दहावे पायस यांनी १९१० साली सातव्या वर्षाच्या आसपास, बरंवाईट कळू लागलं की कम्युनियन द्यावं असं ठरवलं. कन्फेशन त्याच्या आधी. मोठ्यांना वाटतं त्यापेक्षा मुलांना जास्त कळतं. आणि हो, फादर ऐकलेलं कुणालाही, अगदी आईलाही सांगू शकत नाहीत, हे भाच्याला जरूर सांगा. बाहेर आल्यावर 'काय सांगितलंस रे?' असं तुम्हीही विचारायचं नाही.

मडगाववाली : आमची आजी हमखास विचारायची!

जिज्ञासू : वहीत 'पहिले पापनिवेदन' लिहिलं. आता तो विचारतोय, निवेदन म्हणजे टीव्हीवरचं का?